शापाखालचं नाव

परक्या देशात, परक्या माणसाच्या तोंडून, अचानक तुमच्या तालुक्याची बोली ऐकू आली तर तुम्ही काय कराल? हरखून जाल, की विचाराल, ‘हे तू कुणाकडून घेतलंस?’

मी विचारलं. माझा स्वभावच तसा झाला आहे आणि त्याला आमचं घर जबाबदार आहे. घर म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलांचा छापखाना आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या. पुढे ट्रेडल मशीन खडखडायचं, मागे आई भाकरी थापायची आणि मधल्या उंबऱ्यावर बसून मी पत्रकांच्या घड्या घालायचे. धरणग्रस्तांची पत्रकं, हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, संपाची. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. वडिलांचा एक नियम होता. कागद हातात आला की आधी तळ बघायचा. तळाशी मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव असलं तरच वरचा मजकूर वाचायचा. ‘निनावी कागद म्हणजे अंधारातून आलेला दगड,’ ते म्हणायचे. ‘लागतो, पण मारणारा सापडत नाही.’

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी मातीच्या शास्त्रात पीएचडी करायला गेले तेव्हा हा नियम माझ्याबरोबर आला. इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा मी युद्धाविरुद्ध एकपानी पत्रक लिहिलं, तळाशी स्वतःचं नाव टाकलं आणि कॅम्पसच्या बस थांब्याशी वाटत उभी राहिले. त्या वर्षांत त्या देशात सगळेच एकमेकांकडे संशयाने बघत होते. लोक पत्रक घेण्याआधी माझा चेहरा वाचायचे.

माझी रूममेट नागपूरची, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तिला हे अजिबात पसंत नव्हतं.

“नाव काहून टाकलं तू? व्हिसावर आहोत ना आपण! उद्या कोणी उचलून नेलं तर तुझ्या बाबांना फोन करून मी काय सांगू?”

“सांग, तळाशी नाव होतं म्हणून सापडली.”

“फालतू जोक नको मारू यार. भात लाव.”

शिष्यवृत्तीला जोड म्हणून मी लायब्ररीच्या तळघरातल्या व्हिडिओ विभागात तासांवर काम करायचे. टेपा द्यायच्या, परत घ्यायच्या, अडकलेली टेप मशीनमधून सोडवायची. तिथेच मला तो ब्रिटिश नट भेटला.

तुम्ही त्याला पाहिलं असेल आणि तुम्हाला तो आठवणार नाही. हाच त्याचा धंदा होता. नायकाला दार उघडून देणारा बटलर, प्रेताशेजारी टोपी हातात घेऊन उभा असलेला इन्स्पेक्टर, पहिल्याच अंकात मरणारा काका, हे सगळं तो होता. उमेदवारी त्याने उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावात केली. तिथल्या नाटक कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग, आणि मधल्या वेळात मागच्या आठवड्याची वाक्यं विसरायची. तिथून लंडन, तिथून सिनेमा, मग अमेरिकेतल्या मालिका. “अमेरिकेत दुष्ट माणूस व्हायला मला काहीच करावं लागलं नाही,” तो म्हणायचा, “तोंड उघडलं की काम झालं.” त्याची बायको आमच्या विद्यापीठात संगीत शिकवायची. ती वारली तरी तो गावातच राहिला होता. आता नाट्यविभागाने त्याच्या कारकिर्दीवर एक संध्याकाळ ठरवली होती. जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवायचे, मध्ये मध्ये तो बोलणार. ते तुकडे काढून एका टेपेवर जोडायचं काम माझ्याकडे आलं.

तो रोज दुपारी यायचा. थर्मासमध्ये स्वतःचा चहा, बसायला स्वतःची छोटी उशी. प्रत्येक सिनेमा तो आधी आवाज बंद करून बघायचा. “आवाज नंतर,” तो म्हणायचा. “आधी माणूस उभा कसा राहतो ते बघायचं.” भूमिका बुटांपासून बांधायची, ही त्याची रीत. पाद्री करायचा तर गुडघे आधी दुखायला हवेत. बटलर जेवणाकडे कधीच बघत नाही, जेवणाऱ्याच्या हाताकडे बघतो. मला तो ‘डॉक्टर’ म्हणायचा, माझ्या पदवीला अजून बराच अवकाश असतानाही. ऐकायला सगळं छान वाटायचं. म्हणूनच मला ते खुपायचं. त्याच्या प्रत्येक गोष्टीला नेमक्या जागी हशा होता. ज्याच्या प्रत्येक गोष्टीला टाळी घेणारा शेवट असतो, त्याच्या गोष्टींचा तळ मी बघते.

तळ हाती लागला तो एका दुपारी, नट जरा आधी घरी गेल्यावर. साठच्या दशकातला रंगीत सिनेमा होता. वाळवंट, किल्ला, लाल डगल्यातले गोरे शिपाई. किल्ल्याच्या दारात काही ‘नेटिव्ह’ उभे, उघड्या अंगाने, नुसत्या लंगोटीवर. त्यांच्या पुढे जटा वाढवलेला एक साधू. तोंडापासून पायापर्यंत तपकिरी रंग फासलेला. तो आमचा बटलर होता. आमच्या अंगाचा रंग डबीतून काढून लावायचा आणि आमच्याच लोकांना मागे गर्दीत उभं करायचं! मी मनात पत्रकाचं पहिलं वाक्य जुळवायला घेतलंसुद्धा. तेवढ्यात साधूने हात वर केला आणि इंग्रज कप्तानाला शाप दिला.

“सकाळधरनं ह्या गारठ्यात उघडं हुबं केलंया. च्या न्हाई, इस्तू न्हाई. माझी पोर आता चालाय लागली असंल, आन् मला तिचं त्वांड बी ठावं न्हाई!”

कप्तानाच्या चेहऱ्यावर भीती. घोडे उधळले. ढोल.

मी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. शंका घ्यायला जागाच नव्हती. इस्तू, म्हणजे विस्तव. आमच्याकडे अजून म्हणतात, ‘चुलीला इस्तू हाय का?’ आणि गोरा माणूस मराठी बोलताना ‘ठ’चा ‘ट’ करतो, तसं इथे काहीही नव्हतं. ‘ठावं’मधला ‘ठ’ चोख होता. माझ्या चुलत्यांचा असतो तसा.

संध्याकाळी मी रूममेटला लायब्ररीत ओढत आणलं आणि तो तुकडा लावला.

“अगं माय!” ती खुर्चीतून उठलीच. “हा तर तुझ्या गावचा निघाला! च्या न्हाई म्हणते! शाप देऊन राहिला का कॅन्टीनची कम्प्लेंट करून राहिला?” ती हसून हसून वाकली. मग तिने तो पुन्हा लावायला सांगितला, आणि पोरीच्या वाक्यापाशी तिचं हसू थांबलं. ती म्हणाली, “हे त्याचं नाहीये ना?”

नव्हतंच. पण कुणाचं होतं? सिनेमाच्या शेवटी नावं येतात. मी ती एक एक करून थांबवून वाचली. घोडे पुरवणाऱ्याचं नाव होतं, दाढ्या-मिशा लावणाऱ्याचं होतं. गर्दीतल्या एकाचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. थर्मासचं झाकण फिरवत तो म्हणाला, “अरे, ते! काहीतरी निरर्थक बडबड. स्टुडिओने कागदावर लिहून दिली होती.”

“ती निरर्थक नाही. माझ्या भाषेत आहे.”

“असं?” त्याचा हात थांबला. मग तोच हात सहज पुढे गेला आणि चहा ओतू लागला. “मग माझ्या काकाकडून आलं असेल. तो हिंदुस्थानात फौजेत होता.”

एका कपात दोन उत्तरं. मी म्हणाले, “त्याचा अर्थ सांगू?”

“नको,” तो पटकन म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. “माफ कर, डॉक्टर, पण नको. मी ते आयुष्यात सगळ्यात चांगलं बोललो, कारण मला ते कळत नव्हतं. कळलं की बिघडतं.”

मग हळूहळू मला समजलं की त्या शापाने त्याची कारकीर्द घडवली होती. तोवर तो दार उघडणारा होता. शाप गाजला. वर्तमानपत्रांनी त्याच्या डोळ्यांबद्दल लिहिलं, ‘त्या डोळ्यांत एका अख्ख्या जमातीचा क्रोध आहे’ अशा अर्थाचं काहीतरी. मग त्याला मुनशी मिळाले, सुलतान मिळाले, पुढे रंग न लावताही मोठी कामं मिळाली. त्या संध्याकाळचा शेवटही त्याने त्या शापानेच ठरवला होता. आधी सिनेमातला तुकडा, मग रंगमंचावर प्रत्यक्ष तो.

नाट्यविभागाच्या प्राध्यापक बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. भली बाई होती. कॉफी दिली, दार लावून घेतलं.

“तो तपकिरी रंगाचा तुकडा आहे ना, तो आम्ही दाखवावा की नाही, याबद्दल मनात जरा चलबिचल आहे. तुला, एक भारतीय म्हणून, त्याचं वाईट वाटेल का?”

मी ‘नाही’ म्हटलं की त्यांच्या कार्यक्रमावर मान्यतेचा शिक्का बसणार होता. मी म्हणाले, “दाखवा. झाकू नका. पण खाली अक्षरं टाका, तो काय बोलतोय त्याची.”

बाईंनी त्याला विचारलं. त्याने साफ नकार दिला. बाई मला म्हणाल्या, “त्याची संध्याकाळ आहे, नाही का?” माझा शिक्का त्यांना हवा होता, माझी अट नको होती.

रविवारी घरी फोन लावला. कार्ड खरवडून नंबर दाबायचा, आणि बोलणं रंगायला लागलं की कार्ड संपायचं, असे ते दिवस. वडिलांना सगळं सांगितलं. मशीन बंद करून त्यांनी विचारलं, “तळाशी काय आहे?”

“काहीच नाही. त्या माणसाचं नावच कुणाला माहीत नाही.”

“मग तसं छाप. ‘नाव माहीत नाही’ असं छाप. कोरं सोडू नकोस. कोरं सोडलं की लोकांना वाटतं, तिथे कुणी नव्हतंच.”

मी अर्ध्या पानाचं पत्रक तयार केलं. वर ते वाक्य रोमन लिपीत, खाली इंग्रजी भाषांतर. तळाशी, ‘शब्द: एक मराठी माणूस, नाव माहीत नाही.’ त्याखाली, ‘पत्रक काढणार’ आणि माझं नाव. पण वाटण्याआधी एक प्रत त्या म्हाताऱ्याला द्यायची, हे ठरवलं. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं, पहिली प्रत त्याच्या हातात द्यायची, हाही आमच्या घरचाच नियम आहे.

मी त्याच्या घरी गेले. त्याने कागद उघडलाच नाही. घडी तशीच टेबलावर ठेवली, वर चहाची बशी ठेवली, आणि बोलायला लागला. या वेळी त्याच्या बोलण्यात हशाच्या जागा नव्हत्या.

“वेल्समध्ये एक दगडाची खाण होती. तिथे वाळू टाकून वाळवंट केलं होतं. नोव्हेंबर महिना. आमच्यासाठी, म्हणजे नावं असलेल्या नटांसाठी, एक शेगडी होती. गर्दीतल्या लोकांना, इंग्लंडातल्या लोखंडाच्या कारखान्यांतून मजुरीवर आणलेल्या कामगारांना, तिच्याजवळ येऊ देत नव्हते. त्यांच्या अंगावर कपडे नव्हते ना, दृश्य तसंच होतं. दिग्दर्शक मला म्हणाला, एक शाप बोल, खरा वाटला पाहिजे. मी गर्दीत गेलो. एक माणूस दोन्ही हात काखेत घालून उभा होता. मी त्याला म्हणालो, तुझ्या भाषेत मला एक शाप दे.”

“मग?”

“तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग बोलला. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा पुन्हा. त्याचा जबडा बघत होतो, जीभ कुठे लागते ते बघत होतो. माझं तेच काम आहे.” त्याने चहाची बशी जरा सरकवली. “शाप देणाऱ्याचे डोळे तसे नसतात, हे मला तेव्हाच कळलं होतं, डॉक्टर. मी ते डोळेही घेतले.”

“आणि नाव?”

“विचारलं नाही. गर्दीतल्या माणसाला नाव विचारायची पद्धत नव्हती.”

मी या गोष्टीवरही लगेच विश्वास ठेवला नाही. माणूस नट होता आणि ही त्याची तिसरी हकिकत होती. पण परत येताना बसमध्ये एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पडद्यावर वाळवंट होतं, ऊन होतं. वाक्यात गारठा होता आणि विस्तव नव्हता. वाक्याचा अर्थ माहीत नसलेल्या माणसाने मला गारठा सांगितला होता, आणि जवळ येऊ न दिलेली शेगडी सांगितली होती. एवढं खोटं जुळवता येत नाही. तिसरी हकिकत खरी होती. त्यामुळे मात्र माझी त्याच्यावरची चीड वाढलीच.

त्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. मी गावातल्या मराठी लोकांना मुद्दाम बोलावलं होतं. मागच्या एका रांगेत आमची मुलं-मुली, पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, आणि एक निवृत्त डॉक्टर काका-काकू, तीसेक वर्षांपूर्वी आलेले. त्यांना मी पुढचं काही सांगितलं नव्हतं. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता, बाहेर पडताना वाटायचा.

बटलर झाला, इन्स्पेक्टर झाला, मरणारा काका झाला. लोक खूश होते. मग वाळवंट आलं. साधू दिसताच सभागृहात थोडी अवघडलेली हालचाल झाली. त्याने हात वर केला, आणि गडगडाटासारखा त्याचा आवाज आला, “सकाळधरनं ह्या गारठ्यात...”

“च्या न्हाई”पाशी आमची रांग फुटली. काका मांडीवर थाप मारून हसले. पुण्याचा एकजण मोठ्याने म्हणाला, “अरे, हा तर गावठी निघाला!” आमची रांग हसते म्हणजे इथे हसायची परवानगी आहे, असं समजून बाकीचं सभागृहही हसलं. पोरीचं वाक्य त्या हशात बुडून गेलं.

मला वाटलं होतं, आपली माणसं ऐकतील तेव्हा त्यांना कळेल. कळलं त्यांना. ‘च्या’ कळला, ‘इस्तू’ कळला, आणि ते बोलणारा आपल्यापेक्षा खालचा आहे, हे सगळ्यात आधी कळलं. संशय घ्यायला शिकवलेली मी, पण इतके दिवस भलत्याच रांगेवर नजर ठेवून होते.

दिवे लागले. म्हातारा खुर्चीत बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं. इतक्या वर्षांत त्या शापाला कुणी हसलं नव्हतं. बाई माइकवर म्हणाल्या, “आणि आता, आपल्यासमोर, प्रत्यक्ष...” त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. डोळ्यांवर आडवा हात धरून तो मागच्या रांगेकडे बघत म्हणाला, “डॉक्टर, तिथे आहेस का? ते लोक का हसले?”

मी उभी राहिले. “कारण ते तुमचं बोलणं समजले.”

“मी काय बोललो?”

सगळी डोकी माझ्याकडे वळली. रूममेट खालून कुजबुजली, “सांग ना बे.”

मी सांगितलं. एक एक वाक्य, इंग्रजीत, काहीही न सजवता. सकाळपासून या थंडीत आम्हाला उघडं उभं केलं आहे. चहा नाही, शेकायला विस्तव नाही. माझी मुलगी आता चालायला लागली असेल, आणि मला तिचा चेहराही माहीत नाही.

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. काकू हळूच त्यांना म्हणाल्या, “हसायला काय झालं होतं तुम्हाला?”

म्हातारा उठला. त्याने दोन्ही हात काखेत घातले. खांदे आत आले, मान जराशी पुढे, पायांत मोठे झालेले बूट असावेत तसे पाय. मग तो ते वाक्य बोलला, हळू, समोरच्या एकाच माणसाला सांगावं तसं. शेवटी आवाज चढला नाही, जवळजवळ विझला. गोऱ्या कातडीचा, पिकल्या केसांचा, सूट घातलेला तो माणूस दिसायचा बंद झाला, आणि तिथे आमच्याकडचा कुणीतरी थंडीने आखडून उभा होता. नागपूरच्या त्या कणखर पोरीने माझं मनगट आवळून धरलं. हे मी कबूल करते, कारण पाहिलं ते लिहायचं असतं.

मग टाळ्या झाल्या. लोक उभे राहिले. टाळ्या वाढत गेल्या, आणि म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून कमरेत वाकून त्या घेतल्या.

दाराशी मी पत्रकं वाटली. या वेळी माझा चेहरा न वाचता लोकांनी ती घेतली. घेतली, आणि वळून त्याच्याकडे गेले, त्यांवर त्याची सही घ्यायला. मी गठ्ठा हातात धरून बघत राहिले. तळाशी मोकळी जागा दिसली तिथे तो सही करत होता. ‘नाव माहीत नाही’च्या बरोबर वर.

मी लोकांमधून वाट काढत त्याच्यापुढे गेले. “तिथे नको.”

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. पहिल्यांदाच तो वाचत होता. “मग कुठे?”

“मागच्या बाजूला.”

बाकीच्या सगळ्यांवर त्याने मागे सही केली. एक दोघांनी तक्रार केली की मागची सही फ्रेममध्ये दिसणार नाही.

सोमवारी तो बसमध्ये भेटला. उशी मांडीवर होती. मी शेजारी बसले तर त्याने आधी काय विचारावं? “कसं झालं माझं?”

मी पिशवीतून उरलेलं एक पत्रक काढून त्याच्या उशीवर ठेवलं. त्याच्या तळावर बोट ठेवून तो म्हणाला, “मी पुन्हा तेच केलं, नाही? त्याचं घेतलं आणि टाळ्या मला मिळाल्या.”

“हो.”

“नाव सोडून मला सगळं आठवतं,” तो म्हणाला, आणि त्याने ते मला सांगितलं. तीच त्याची विद्या होती, माणूस उभा कसा राहतो ती. मी तिथेच मनाशी घोकून घेतलं.

पुढे तो मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेला आणि २००८च्या हिवाळ्यात वारला. रूममेट तोवर रेडमंडला नोकरीला लागली होती. तिनेच मला मृत्युलेख पाठवला, वर एक ओळ लिहून: ‘तळ बघ.’ त्यात त्याच्या ‘अविस्मरणीय शापा’वर एक अख्खा परिच्छेद होता. खाली बातमी लिहिणाऱ्याचं नाव होतं. गर्दीतल्या त्या माणसाचा उल्लेख नव्हता.

मी थांबलेली नाही. आयसेलिनच्या भारतीय किराणा दुकानांत, मंडळांच्या संक्रांतीला, जिथे चार मराठी माणसं दिसतात तिथे मी ते वाक्य म्हणते. बहुतेक जण ‘च्या न्हाई’पाशी हसतात. वडिलांनी ते वाक्य छापून आमच्या आठवडी बाजारात वाटलं. अजून कुणी आलेलं नाही.

म्हणून आता तुमच्याकडे काम आहे. तो माणूस साठच्या दशकात इंग्लंडात होता, बहुधा लोखंडाच्या कारखान्यात. डाव्या भुवईत जुन्या जखमेने पडलेली फट होती. बोलायच्या आधी जीभ टाळूला लावून ‘च्‌’ करायचा. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात घालायचा ते बूट मोठे होते, त्यांत वर्तमानपत्र कोंबलेलं. थंडीत हात काखेत घालायचा. आणि गावी त्याला एक मुलगी होती, तो गेल्यानंतर चालायला लागलेली. आज ती कुणाची तरी आत्या असेल, कुणाची आजी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची अशी एखादी बाई तुमच्या घरात, शेजारात, नात्यात असेल, जिचा बाप तिच्या लहानपणी विलायतेला गेला होता, तर आज तिच्यापुढे बसा आणि ते वाक्य तिला मोठ्याने म्हणून दाखवा. तिने बापाचं नाव सांगितलं तर या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे कळवा. आणि म्हणताना, कृपा करून, हसू नका.